कोलोनचा छायाचित्रकारांचा मेळा

प्रत्येक धंद्याची एक पेठ असते, तशी एक पंढरीही असते. पेठेंत माल विकला जातो; पंढरीस मात्र मनुष्य जातो तो आपण आयुष्यभर ज्या वाटेनें चाललों त्याच वाटेनें आणखी कोण कोण चाललें आहे हें पाहावयास. छायाचित्रणाच्या धंद्याची अशी पंढरी जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या कांठीं कोलोन शहरीं होती. तिचें नांव ‘फोटोकिना’. १९५० सालीं हा मेळा प्रथम भरला आणि २०१८ च्या सप्टेंबरांत शेवटचा भरला. त्या शेवटच्या मेळ्यास जाण्याचा योग आम्हांस आला. तो शेवटचा ठरणार आहे, हें त्या वेळीं तेथें जमलेल्यांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें.

आमच्या घरीं हा धंदा तीन पिढ्यांचा. आजोबांनीं पुण्यांत वाड्याच्या ओसरीवर स्टुडिओ थाटला, वडिलांनीं तो वाढविला व पुढें तो आमच्याकडे आला. आतां पुतण्या मदतीस आहे. तेव्हां एवढ्या दूरच्या मेळ्यास जाण्याची हौस आम्हांस असणें साहजिक आहे, असें वाचकांस वाटेल. परंतु हौसेपेक्षां निकड अधिक होती. वाडा पाडून तेथें नवी इमारत बांधावयाचें ठरत आलें होतें, आणि माळ्यावर आजोबांच्या व वडिलांच्या हातच्या सुमारें १,१०० कांचेच्या प्लेटी लांकडी खोक्यांत पडून होत्या. त्यांचें काय करावयाचें, हा प्रश्न घरांत वर्षभर चालला होता. आमचे वडील बंधू म्हणत, “नव्या घरांत माणसांस जागा पुरतां पुरत नाहीं, तेथें हें कांचेचें ओझें कोठें ठेवावयाचें? आणि तीं चित्रें तरी आपल्या नात्यागोत्याचीं आहेत काय?” त्यांचें बोलणें खोटें नव्हतें. त्या प्लेटी आसपासच्या पेठांतील शेंकडों घरांच्या होत्या: मुंजींच्या, लग्नांच्या, सासरीं निघालेल्या मुलींच्या, विलायतेस निघालेल्या मुलांच्या. वडिलांच्या हयातींतच कित्येक धंदेवाल्यांनीं असल्या प्लेटी गरम पाण्यांत घालून वरचा थर खरवडून काढला होता आणि स्वच्छ झालेल्या कांचा तसबिरींच्या चौकटींस विकल्या होत्या. आमच्या दारींही कांचभंगारवाला दोनदां येऊन भाव सांगून गेला होता.

पुतण्याचा विचार तिसराच होता. “काका, प्लेटींचें काय तें आपण मागाहून पाहूं. आधीं नवीन कॅमेरा घेऊं, नाहींतर लग्नाचीं कामें दुसरीकडे जातील,” असें तो म्हणे. शेवटीं असें ठरलें कीं, आम्ही दोघांनीं मेळा पाहून यावा, आणि साठविलेला पैसा कोठें घालावयाचा हें परत आल्यावर ठरवावें.

मेळा २६ ते २९ सप्टेंबर असा चार दिवसांचा होता. त्या वर्षीं अनंतचतुर्दशी २३ तारखेस आली होती. म्हणजे गणपति पोंचवून दुसऱ्या दिवशीं निघावयाचें आणि सारा मुक्काम पितृपंधरवड्यांत करावयाचा! घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस हें रुचलें नाहीं. आमच्या आत्याबाईंचें वय त्या वेळीं ८८ होतें. त्या म्हणाल्या, “पक्षांत का कोणी नव्या खरेदीला जातें? जा, पण सर्वपित्रीच्या आधीं घरीं या.” तसें वचन देऊन, बरोबर मेतकूट, भाजणी व डिंकाचे लाडू घेऊन आम्ही निघालों.

फ्रँकफर्टच्या विमानतळावरून कोलोनला जाणारी आगगाडी वाटेंत ताशीं ३०० किलोमीटर वेगानें धांवते. तासाभरांतच ऱ्हाइन नदी दिसूं लागली. नदीच्या डाव्या तीरावर जुनें शहर व उजव्या तीरावर डॉइट्स नांवाचा भाग आहे. प्रदर्शनाच्या इमारती डॉइट्सला आहेत. दोहोंस जोडणाऱ्या होहेनझोलर्न पुलावरून आगगाड्या जातात आणि कडेनें पायीं जावयास वाट आहे. त्या वाटेच्या जाळीवर प्रेमिकांनीं आपापल्या नांवांचीं हजारों कुलुपें अडकविलेलीं आहेत. किल्ली नदींत टाकावयाची, असा तेथील संकेत. आपल्याकडे वडाला सूत गुंडाळतात त्याची आठवण होऊन आम्हांस गंमत वाटली.

पूल ओलांडतांच समोर कोलोनचें प्रसिद्ध मंदिर, म्हणजे तेथील ‘डोम’, उभें राहतें. त्याचीं शिखरें १५७ मीटर उंच आहेत. १२४८ सालीं पायाभरणी झाली आणि १८८० सालीं काम संपलें. मध्यें सुमारें तीनशें वर्षें काम बंदच होतें, आणि दक्षिणेकडील अर्धवट शिखरावर दगड चढविण्याची लांकडी यारी तशीच उभी होती. ती १८६८ सालीं काढली. त्यापूर्वीं काढलेल्या छायाचित्रांत ती यारी स्पष्ट दिसते. आज मंदिर पाहणाऱ्यास तें पुरें झालेलेंच दिसतें. अपुरें मंदिर कसें होतें हें ज्याला पाहावयाचें असेल त्याला त्या जुन्या चित्रांकडेच गेलें पाहिजे. असें कांहीं पाहिलें म्हणजे आपला धंदा केवळ हौसेचा नाहीं, असें मनास वाटतें.

दुसऱ्या महायुद्धांत या शहरावर बॉम्बवर्षाव झाला. मंदिरावरही १४ बॉम्ब पडले, तरी तें उभें राहिलें; भोंवतालचें जुनें शहर मात्र बहुतेक जमीनदोस्त झालें. १९४५ च्या मार्चमध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेंच होहेनझोलर्न पूल उडवून दिला. अशा शहरांत, युद्ध संपून पुरतीं पांच वर्षें झालीं न झालीं तोंच, १९५० सालीं पहिलें फोटोकिना भरलें. ज्या गांवीं राहावयास धड घरें नव्हतीं त्या गांवानें कॅमेऱ्यांचें प्रदर्शन मांडावें, याचें प्रथम नवल वाटतें. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्याचा अर्थ उमगतो. ज्यांचें सर्व गेलें त्यांना चित्राचें मोल अधिक कळतें. फ्रिट्झ ग्रूबर नांवाच्या कोलोनच्या रसिक गृहस्थांनीं आरंभापासून या मेळ्यांत यंत्रांच्या बरोबरीनें चित्रांचींही प्रदर्शनें भरविलीं, आणि १९८० पर्यंत हें काम चालविलें. नामांकित छायाचित्रकारांचीं चित्रें त्यांनीं स्वतः जमविलीं. तो संग्रह १९७७ सालीं शहराच्या लुडविग संग्रहालयाकडे आला.

पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही मेळ्याच्या दारांत उभे राहिलों तेव्हां गर्दी पाहून छाती दडपली. चार दिवसांत मिळून सुमारें १,८०,००० लोक तेथें येऊन गेले, असें पुढें जाहीर झालें. एकेक दालन एवढें मोठें कीं, आमच्या पेठेंतील दहा-वीस वाडे त्यांत सहज मावतील. प्रत्येक कंपनीनें आपला मंडप थाटला होता. कोठें नर्तकी नाचत होत्या व त्यांच्यावर पांच-पंचवीस कॅमेरे रोखलेले होते. कोठें वर उडणारीं छोटीं यंत्रें आकाशांतून चित्रें घेऊन दाखवीत होतीं. कोठें एखादे अनुभवी छायाचित्रकार उंच चौथऱ्यावर उभे राहून प्रकाश कसा योजावा याचा पाठ देत होते. आपल्याकडील मंडळीही बरीच दिसलीं. त्यांतील बहुतेक लग्नाचे फोटो व अल्बम करणारे. परदेशीं एकमेकांस पाहून जी आपुलकी वाटते ती वाटली. चहा पीत पीत कोणाच्या गांवीं काय दर चालतो येथवर बोलणें झालें.

त्या वर्षीं सगळीकडे एकच विषय होता: आरशावांचून चालणारा कॅमेरा. आजवरच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडून वर जातो व तेथून आपल्या डोळ्यास दिसतो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो व प्रकाश मागील पडद्यावर पडतो. नव्या यंत्रांत हा आरसा नाहीं. पडद्यावर पडलेलें चित्रच विजेच्या साहाय्यानें डोळ्यास दाखविलें जातें. त्यामुळें यंत्र लहान होतें, आवाज होत नाहीं, आणि चित्र कसें येणार हें आधींच दिसतें. निकॉन व कॅनन या दोन्ही जपानी कंपन्यांनीं त्याच वर्षीं आपापले मोठ्या पडद्याचे असे कॅमेरे बाहेर आणले होते, आणि तेथें ते हातांत घेऊन पाहण्यास रांगा लागल्या होत्या. हा मोठा पडदा म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा. हें माप कोठून आलें? सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फितीवर चालणारा हातांत मावेल असा कॅमेरा वेट्झलार गांवच्या ओस्कार बार्नाक या कारागिरानें तयार केला. तोच ‘लायका’ म्हणून १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत विकावयास आला. त्याचें माप इतकीं वर्षें झालीं तरी चालत आहे. यंत्रें बदलतात, पण मागच्यानें आंखलेली चौकट पुढच्याला सोडवत नाहीं.

पुतण्यानें एक कॅमेरा हातांत घेतला तो खालीं ठेवीना. “काका, हा घेतला तर मांडवांतल्या अंधारांतही चित्र स्वच्छ येईल.” किंमत ऐकली तेव्हां आजोबांनीं ओसरीचा सगळा स्टुडिओ जेवढ्यांत उभा केला त्याच्या कित्येक पट ती निघाली. पण आम्ही त्यास नाउमेद केलें नाहीं. तरुण माणसाचा जीव हत्यारांत असावाच. फक्त आम्ही त्यास इतकेंच विचारलें, “अरे, या सर्व मंडपांत मिळून छापलेलीं चित्रें तूं किती पाहिलींस?” तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मोजण्याइतकींच.”

खरी गोष्ट ही कीं, त्या झगमगाटाखालीं काळजी दडलेली होती. जगांत २०१० सालीं सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारांत गेले होते. २०१८ सालीं तो आंकडा २ कोटींच्याही आंत आला. लोकांच्या खिशांतील टेलिफोनांतच कॅमेरा येऊन बसला. कोलोनच्या शेजारीं लेव्हरकूझेन येथें फिल्म व कागद करणारा आग्फाचा मोठा कारखाना होता. तेथील छायाचित्रांचा व्यवसाय वेगळा काढल्यावर ती नवी कंपनी २००५ सालीं बुडाली. अमेरिकेच्या कोडॅक कंपनीवर २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली, आणि डिजिटल कॅमेरा १९७५ सालीं त्याच कंपनींत प्रथम तयार झाला होता! एवढ्या मोठ्या वृक्षांची ही गत, तर ओसरीवरल्या आमच्यासारख्यांची काय कथा, हा विचार दिवसभर पाठ सोडीना.

दुपारीं बाहेर एका टपरीवर बटाट्याच्या किसाचीं खमंग थालिपीठें तळून सफरचंदाच्या मुरंब्याशीं देत होते. वास असा सुटला होता कीं पाय आपोआप थांबले. त्यांत अंडें असतें असें कळल्यावर आम्ही पाव व चीज घेऊन बांकावर बसलों आणि पिशवींतून मेतकूट काढलें.

तिसऱ्या दिवशीं एका दालनाच्या अगदीं कोपऱ्यांत, जेथें फारशी गर्दी नव्हती अशा ठिकाणीं, जुनीं चित्रें जपून ठेवण्याच्या सामानाचा एक लहानसा मंडप दिसला. जाड पुठ्ठ्याच्या पेट्या, चार बाजूंनीं दुमडणारे कागदी लिफाफे, मऊ ब्रश, सुती हातमोजे, एवढाच तेथें माल. मांडणारे वृद्ध गृहस्थ खुर्चींत शांत बसले होते. आमच्याजवळ १,१०० कांचेच्या प्लेटी आहेत असें सांगतांच ते उठून उभे राहिले. कागदाला आम्लाचा अंश नसावा, नाहींतर चित्र पिवळें पडतें. प्लेटी आडव्या एकावर एक न रचतां लांब कडेवर उभ्या ठेवाव्या, नाहींतर खालच्या भारानें तडकतात. जी बाजू निस्तेज दिसते तीवर चित्राचा थर असतो, तिला बोट लावूं नये व पाणी तर मुळींच लावूं नये. कडांना निळसर चांदीची झांक आली असेल तर तो हवेचा परिणाम समजावा. जें लिहावयाचें तें लिफाफ्यावर आधीं लिहावें व मग प्लेट आंत घालावी. असें सर्व त्यांनीं मोडक्या इंग्रजींत समजावून सांगितलें. मग त्यांनीं विचारलें, “प्लेटी १,१००. नांवें किती?”

हा प्रश्न आमच्या घरीं वर्षभराच्या वादांत कोणी काढला नव्हता. आम्ही सांगितलें कीं, आजोबांनीं प्रत्येक प्लेटीच्या कडेवर अंक घातला आहे व नोंदवहींत त्या अंकापुढें गिऱ्हाइकाचें नांव, तारीख व दर लिहिला आहे. मात्र कांहीं वर्षांच्या वह्या वाळवीनें खाल्ल्या. ते म्हणाले, “मग ज्यांना नांवें सांगतां येतील अशीं माणसें जिवंत आहेत तोंवर घाई करा. कांच वाट पाहील, माणसें पाहणार नाहींत.”

त्या संध्याकाळीं लुडविग संग्रहालयाच्या पुस्तकांच्या दुकानांत औगुस्ट सँडर यांच्या छायाचित्रांचा जाड ग्रंथ चाळावयास मिळाला. सँडर (१८७६–१९६४) हे कोलोनचेच धंदेवाईक छायाचित्रकार. शेतकरी, मिठाईवाला, गवंडी, वकील, भिकारी अशा सर्व थरांतील माणसांचीं चित्रें घेऊन आपल्या काळाचा एक मोठा पटच उभा करावयाचा, असा त्यांचा संकल्प होता. त्यांतील निवडक चित्रांचें पुस्तक १९२९ सालीं निघालें. नात्सी राजवटीनें १९३६ सालीं त्याचे ठसे नष्ट केले. युद्धांत, १९४४ सालीं, त्यांचा स्टुडिओ बॉम्बखालीं गेला. तत्पूर्वीं त्यांनीं सुमारें १०,००० निगेटिव्ह खेड्यांत नेऊन ठेवल्या होत्या, त्या वांचल्या. तळघरांत राहिलेल्या सुमारें ३०,००० निगेटिव्ह बॉम्बवर्षावांतूनही बचावल्या, परंतु १९४६ सालीं, युद्ध संपल्यावर, आगींत जळून गेल्या. त्या खेड्यांत नेलेल्या पेट्या नसत्या तर सँडर यांचें नांव आज किती जणांस ठाऊक असतें? १९१४ सालच्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रांत तीन तरुण हातांत काठ्या घेऊन, नवे कपडे घालून, नाचाला निघालेले दिसतात. कित्येक वर्षें जग त्यांना नुसते ‘तरुण शेतकरी’ म्हणून ओळखत होतें. पुढें एका संशोधकानें त्यांचीं नांवें शोधून काढलीं, तेव्हां कळलें कीं तिघांपैकीं एक जण पहिल्या महायुद्धांत पडला. हें कळल्यावर तेंच चित्र निराळें दिसूं लागतें.

मुक्कामावर परत जातांना पुलावर पुतण्या आपण होऊन म्हणाला, “काका, आपल्या जुन्या कॅमेऱ्यावर प्लेटींच्या नकला निघतील. जवळून घेण्याचें भिंग, खालून सारखा उजेड देणारें टेबल आणि कॅमेरा उभा धरणारी दांडी, एवढें घेतलें तर पुरे. नवा कॅमेरा पुढल्या वर्षीं पाहूं.” आम्ही त्याला होय म्हटलें, अधिक कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या वृद्ध गृहस्थांकडून नमुन्यादाखल लिफाफे घेतले. तसे पुढें हातकागदाचे येथेंच करवून घेतले.

सर्वपित्रीस आम्ही घरीं होतों. श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नांवानें उच्चार होतो. त्यापलीकडची नांवें बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानांत नसतात. त्या दिवशीं भोजनें आटोपल्यावर आम्ही माळ्यावरचें पहिलें खोकें खालीं आणलें आणि एक प्लेट उजेडावर धरून पुतण्यानें तिची नक्कल घेतली. काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें होऊन चेहरा दिसतांच आत्याबाई म्हणाल्या, “अरे, ही तर समोरच्या वाड्यांतली यमी! हिच्या लग्नांत मी रुखवत मांडलें होतें.” वडील बंधू दारांत उभे होते. ते आंत येऊन बसले व त्यांनींच लिफाफ्यावर पेन्सिलीनें तें नांव लिहिलें. भंगारवाल्याची गोष्ट त्यानंतर घरांत निघाली नाहीं.

काम सोपें नव्हतें. सगळ्या नकला निघावयास दोन वर्षें लागलीं. ६३ प्लेटींचा थर बुरशीनें गेलेला होता. ज्यांच्या वह्या गेल्या त्यांतील निम्म्याहून अधिक चेहऱ्यांस अजून नांव नाहीं. आत्याबाईंनीं जेवढीं सांगितलीं तेवढीं आमच्या हातीं आहेत. २०२१ सालीं त्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर किती नांवें गेलीं याची गणती नाहीं. धंद्याचें म्हणाल तर लग्नाचीं कामें पूर्वीपेक्षां कमी झालीं. मात्र जुनीं चित्रें दुरुस्त करून देण्याचें काम नव्यानें येऊं लागलें, आणि त्यावर स्टुडिओचें भाडें निघतें. प्लेटींच्या पेट्यांना नव्या इमारतींत एक कपाट मिळालें आहे.

फोटोकिनाचें पुढें असें झालें. तें दर वर्षीं भरवावें असा बेत होता, पण २०१९ सालीं तें भरलें नाहीं. २०२० चें महामारीमुळें रद्द झालें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तें बेमुदत बंद केल्याचें जाहीर झालें. ६८ वर्षें चाललेली पंढरी मोडली. यंत्रांच्या बाजारास आतां तशा मेळ्याची गरज उरली नसावी. ज्या गोष्टीची गरज आहे ती मात्र घरोघरीं करतां येण्याजोगी आहे, म्हणून हा लेख.

वाचकांच्या घरीं, जुन्या ट्रंकेंत किंवा देवघराशेजारच्या फडताळांत, निदान एक तरी पुडकें जुन्या फोटोंचें असेल. तें काढून घरांतील सर्वांत वृद्ध माणसापुढें ठेवावें. कोण, कोठें, कोणत्या सालीं, हें विचारावें आणि चित्राच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, फार न दाबतां, लिहावें. शाईनें लिहूं नये, ती पुढल्या बाजूस उतरते. चिकट पानांच्या अल्बमांत लावलेलीं जुनीं चित्रें ओढून काढूं नयेत, जाणत्यास दाखवावीं. ओलसर भिंतीला लागून ठेवूं नयेत. टेलिफोनांतील चित्रांपैकीं वर्षाकांठीं दहा-वीस तरी निवडून कागदावर छापून घ्यावीं व त्यांवरही नांवें घालावीं. याला कॅमेरा लागत नाहीं, कीं कोलोनला जावें लागत नाहीं. एक दुपार पुरते, आणि सांगणारें माणूस समोर असावें लागतें.